आधी गरज, मग संस्थेचे नाव

प्रिय स्नेही,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतची संस्थांची यादीही काळजीपूर्वक पाहिली. तीत पदव्युत्तर अभ्यासक्रम, उन्हाळी रेसिडेन्सी (संस्थेच्या जागेत ठरावीक काळ काम करण्याची संधी) आणि फेलोशिप असे सारे एकत्र आले आहे. मात्र यांपैकी प्रत्येकाकडून तुझ्या कामाला नेमके काय हवे आहे, हे पत्रात कुठेच आलेले नाही. अर्ज भरायला बसण्यापूर्वी या एकाच प्रश्नाला पुरेसा वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. त्याचे उत्तर सापडले की निम्मी यादी आपोआप गळून पडेल.

अभ्यासक्रमात शिक्षक आणि सहाध्यायी असतात, आणि ठरलेल्या दिवशी आपले अपुरे काम भिंतीवर लावून त्याविषयीचे परखड बोल सर्वांसमक्ष ऐकून घ्यावे लागतात. फेलोशिप बहुधा वेळ, जागा आणि पैसा देते व बाकीचे कलावंतावर सोपवते. चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, तेव्हा मुंबईत त्यांचे नाव झालेले होते. तरीही तिथल्या कलाशाळेत ते पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले ते चाळिशीच्या सुमारास, अमूर्त चित्रकलेची वाट पक्की झाल्यानंतर. दोघांनाही परदेशी जाण्याचा लाभ झाला, पण दोघांची गरज एक नव्हती. पुढच्या वर्षभराचे काम तुला आजच डोळ्यांसमोर दिसत असेल आणि अडचण केवळ जागेची व वेळेची असेल, तर फेलोशिपसाठी प्रयत्न कर. काम त्याच त्या वळणावर येऊन थांबत असेल, तर वाद घालणारी माणसे हवीत, म्हणजेच अभ्यासक्रम हवा.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने आकृती कोरून तिचे छाप काढणे) करणाऱ्याला पदवी संपताच सर्वांत आधी छापयंत्र दुरावते, त्यामुळे संस्थेच्या नावाइतकीच तिच्या कार्यशाळेची चौकशी महत्त्वाची ठरते: यंत्र किती वेळ वापरता येते, आम्लाची सोय कशी आहे, मदतीला तंत्रज्ञ असतो का. ॲमस्टरडॅमची राइक्सअकादमी पदवी देत नाही, पण तिथल्या दोन वर्षांच्या रेसिडेन्सीत स्टुडिओबरोबर तांत्रिक कार्यशाळाही मिळतात. लंडनच्या रॉयल अकादमी स्कूल्सचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिक्षणशुल्काशिवाय चालतो, आणि म्हणूनच तिथे चुरस फार असते. अमेरिकेतील एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदवी साधारणपणे दोन वर्षांची असते आणि तिथे विद्यापीठात कला शिकवण्यासाठी तीच अंतिम पदवी मानली जाते. पुढे अध्यापन करण्याचा विचार असेल, तर पदवी न देणारी रेसिडेन्सी कितीही नामांकित असली तरी ती उणीव भरून काढणार नाही. ब्रिटनमधील एका वर्षाच्या अभ्यासक्रमांविषयी माझे मत थोडे सावध आहे, कारण स्थिरस्थावर होईपर्यंत अंतिम प्रदर्शनाची तयारी सुरू होते.

पैशांबाबत एवढेच सांगतो, की शुल्कमाफी म्हणजे निर्वाहखर्च नव्हे. राहणे, विमा, साहित्य आणि काम परत आणण्याचा खर्च कोण करणार, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घे.

आता अर्जासोबत स्वतःच्या कामाविषयी लिहायच्या तुझ्या निवेदनाविषयी. मसुद्यात ‘स्मृती आणि विस्थापन यांचा शोध’ असे शब्द आहेत. असे शब्द परीक्षकांसमोर इतक्या वेळा येतात की त्यांतून कोणाचाही चेहरा उमटत नाही. तुझी पद्धत मात्र मला चांगली आठवते: जस्ताच्या एकाच पत्र्यावर आकृती कोरायची, छाप घ्यायचा, आकृतीचा काही भाग घासून पुसायचा, पुन्हा छाप घ्यायचा, आणि असे करत शेवटच्या छापात फक्त तिचे व्रण उरू द्यायचे. हे जसे घडते तसे साध्या वाक्यांत लिही. स्मृतीचा विषय वाचणाऱ्याला त्यातच सापडेल आणि पुढची चित्रे तो वेगळ्या नजरेने पाहील.

छायाचित्रांकडेही तितकेच लक्ष हवे. पाठवलेल्या प्रतिमांत दोन छाप काचेमागचे आहेत आणि त्यांवर खिडकीचे प्रतिबिंब पडले आहे. छाप चौकटीतून काढ, कॅमेरा कागदाला समांतर ठेव आणि कागदाच्या कडा कापू नकोस. एखादे छायाचित्र तिरप्या प्रकाशात जवळून घे, म्हणजे पत्र्याच्या दाबाने कागदावर उठलेली कड आणि शाईचा थर दिसेल. पडद्यावर चित्र पाहणाऱ्याला हा स्पर्श दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. त्या मालिकेतील छाप सलग आणि छापलेल्या क्रमानेच लाव. विद्यार्थिदशेतील तैलरंगातील व्यक्तिचित्रे उत्तम आहेत, तरी ती या अर्जातून वगळावीत, कारण त्यांच्यामुळे मालिकेचा ओघ तुटतो.

शिफारसपत्रासाठी मोठ्या नावाच्या मागे न लागता, तुला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्या शिक्षकांना विचार आणि त्यांना किमान महिनाभराचा अवधी दे. नकार आला, तर पुढच्या वर्षी नवे काम घेऊन त्याच संस्थेकडे पुन्हा अर्ज करण्यात कमीपणा मानू नकोस. अनेक ठिकाणी परीक्षक बदलतात, आणि वर्षभरात तुझे कामही बदललेले असेल.

यादीतील तीनच नावे ठेव आणि प्रत्येकापुढे ते का ठेवले, हे दोन ओळींत लिहून मला पाठव. निवेदनाचा नवा मसुदा त्यासोबत आला, तर दोन्ही एकत्र वाचून सविस्तर कळवीन.

तुझा शुभचिंतक