‘स्टन गन’ म्हणजे स्टेनगन नव्हे

प्रश्न असा आहे: पोलिसांनी स्टन गन (विजेच्या झटक्याने माणसाला आखडवणारं यंत्र) कधी चालवावी याचे अमेरिकी नियम मराठीत आणताना तिला ‘विजेची बंदूक’ म्हणावं की ‘शॉक गन’?

आधी एक विनंती. ‘स्टनगनधारी पोलीस’ लिहिणं बंद करा. तिथे अभिप्रेत असते ती स्टेनगन, ९ मिमीच्या गोळ्या झाडणारी, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बनावटीची. शेफर्ड आणि टर्पिन यांची आद्याक्षरं, पुढे एनफिल्डचा ‘एन’. एक मात्रा चुकली की झटक्याच्या जागी गोळी येते.

स्टन गनला सर्रास ‘टेझर’ म्हणतात. तो शब्दही आद्याक्षरांचाच, आणि तो ब्रँड आहे, डालडासारखा. जॅक कव्हरने हे यंत्र १९७०च्या दशकात बनवलं आणि नाव घेतलं १९११च्या एका पोरांच्या कादंबरीवरून: टॉम स्विफ्टची इलेक्ट्रिक रायफल. नुसती आद्याक्षरं जिभेवर बसेनात म्हणून मध्ये एक ‘ए’ घुसडला.

पण खरी गंमत ‘स्टन’मध्ये आहे. काही जाणकार तो आपल्या ‘स्तब्ध’शी जोडतात. साफ चूक. स्तब्ध आला ‘स्तम्भ्’ धातूतून. ‘स्टन’ जुन्या फ्रेंचमधून लॅटिन ‘तोनारे’कडे जातो, अर्थ, गडगडणे. आणि त्याचा संस्कृत भाऊबंद ‘स्तन्’, तोही गडगडणाराच! अमरकोशात मेघाच्या नावांत ‘स्तनयित्नु’ आहे, मेघगर्जनेला ‘स्तनित’ आहे. म्हणजे ‘स्टन’ झालेला माणूस मुळात विजेने नव्हे, गडगडाटाने गार झालेला. इंग्रजी ‘थंडर’सुद्धा याच घराण्यातला.

यंत्रात मात्र उलटा न्याय. दोन काटे तारांसह सुटतात. दोन्ही नीट रुतले तर कडकडाट दबतो आणि माणूस आखडतो. एक काटा हुकला किंवा जाड जाकिटात अडकला की विजेचं मंडल पुरं होत नाही, आणि हातातलं यंत्र मोठ्याने तडतडत राहतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे झटका लागलाच नाही! अंतराचंही तसंच: नेहमीच्या काडतुसाने ७ फुटांवरून मारलं तर काट्यांमध्ये साधारण १ फूट अंतर पडतं. त्याहून जवळून मारलं की काटे शेजारी शेजारी बसतात, थोडेच स्नायू आखडतात आणि माणूस उभाच राहू शकतो.

म्हणून यंत्र चालवण्याच्या क्रियेला ‘शॉक’ हा शब्द मला नको. यंत्र अंगाला टेकवून चालवलं तर फक्त वेदना होते, स्नायू बंद पडत नाहीत. नियमांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मराठीत दोन्ही ‘शॉक देणे’ होऊन बसतात. तिथे ‘काटे मारणे’ आणि ‘टेकवणे’ असे दोन शब्द ठेवा. २०११च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना केवळ वेदनेने वठणीवर आणण्यासाठी टेकवणं टाळायला सांगतात; नुसतं पळणं हे यंत्र चालवायला पुरेसं कारण मानत नाहीत.

‘एकदा चालवणे’ही घातक मोघम. चाप एकदा ओढला की ठरावीक ५ सेकंद. दाबून धरला की त्याहून लांबतं. तेव्हा सेकंद मोजा. एकूण १५ सेकंदांपलीकडे धोका वाढू शकतो, असं त्याच सूचना सांगतात. आणि ‘अप्राणघातक’ तर मुळीच नको, ‘कमी घातक’ लिहा. २००७ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर रॉबर्ट जिकान्स्की हा पोलंडचा प्रवासी पोलिसांनी टेझर मारल्यानंतर गेला. पुढे २००९ मध्ये निर्मात्या कंपनीनेच छातीवर नेम धरणं टाळा असं सांगितलं. भाषांतरकाराने ‘अ’ लावून ते धुऊन टाकू नये.

माझं मत विचाराल तर ‘स्तंभन-अस्त्र’. तंत्रमंत्रातल्या मारण-मोहन-उच्चाटनाच्या यादीतलं ते स्तंभन, हातपाय जागीच थिजवणारं. इतकं नेमकं इंग्रजीतही नाही. मंत्रतंत्राचा वास येतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक नियंत्रण शस्त्र’ म्हणत बसावं, जे ऐकून टीव्हीचा रिमोट आठवतो.

हां, मूळ प्रश्न. ‘विजेची बंदूक’ नको, ‘शॉक गन’ही नको, बंदूक म्हटली की गोळी येतेच. ‘स्तंभन-अस्त्र’ जड वाटलं तर ‘झटका-यंत्र’ चालेल.