वाचकांचे प्रश्न : एकट्याने खेळावे की पार्टीत?

प्रश्न : मी नागपूरच्या प्रतापनगरात राहतो आणि एका बँकेत नोकरी करतो. रात्री दहानंतर जो तास-दीड तास हाती लागतो, त्यात एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतो. आतापर्यंत सारे एकट्याने निभावले. पण आता पाच जणांचे डंजन (शत्रूंनी भरलेले बंदिस्त ठिकाण) पार केल्याशिवाय कथाच पुढे सरकत नाही. मे महिन्यात ऐन लढाईत वीज गेली, राउटर बंद पडला आणि मी परतेपर्यंत पार्टीने, म्हणजे सोबत लढणाऱ्या गटाने, मला काढून टाकले होते. मी हीलर (साथीदारांच्या जखमा भरणारा) असल्याने बाकीचे चौघेही मेले, हे कबूल. गिल्डमधले (खेळाडूंच्या कायमच्या संघातले) मित्र म्हणतात, एकट्यानेच खेळायचे तर ऑनलाइन गेम हवाच कशाला?

उत्तर : दुसरी माणसे केवळ पार्टीत सामील होण्यासाठीच असतात, असे आपल्या मित्रांनी गृहीत धरलेले दिसते. आपण गेममधल्या लिलावात विकलेले औषध कोणीतरी विकत घेतो, आपण कमावलेले चिलखत चौकात कोणाच्या तरी नजरेत भरते. मारबतीच्या मिरवणुकीत एकटाच गेलेला माणूस मिरवणुकीबाहेरचा ठरत नाही, तसेच हे आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या खेळाडूंवर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले होते, की पुष्कळ जण बराच वेळ एकट्यानेच खेळतात आणि भोवतालची माणसे त्यांना सोबत व प्रेक्षक म्हणून हवी असतात.

पार्टीची सक्ती जुनी आहे, पण पूर्वी तिच्या बदल्यात काही मिळत असे. 1999 मधल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये नेक्रोमॅन्सरसारखे (मृतांना कामाला लावणारा मांत्रिक) पात्रांचे मोजके वर्ग सोडले, तर वरच्या लेव्हलला एकट्याचा निभाव लागणे कठीण होते. मेल्यावर कमावलेला अनुभव घटे, सामान प्रेतापाशीच राही आणि ते आणायला जिवावर उदार होऊन परत जावे लागे. लढाईनंतर माना, म्हणजे जादूची शक्ती, भरून येईपर्यंत सगळ्यांना बसून राहावे लागे. ओळखी झाल्या त्या लढाईपेक्षा या बसून राहण्यात, असे माझे मत आहे. शिवाय सगळे एकाच सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या जगाच्या एकाच प्रतीत, असल्याने लूट घेऊन पळणाऱ्याचे नाव लवकरच सर्वतोमुखी होई आणि पुढे त्याला कोणी पार्टीत घेत नसे.

2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने शेवटच्या लेव्हलपर्यंतचा रस्ता एकट्याला मोकळा केला आणि चाळीस जणांच्या रेड (मोठ्या गटाच्या अवघड मोहिमा) शेवटासाठी ठेवल्या. डिसेंबर 2009 मध्ये त्यात वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसे आपोआप जोडणारी सोय आली. पार्टी जमवण्याची यातायात संपली, पण ज्याचे तोंड पुन्हा पाहायचे नाही त्याच्याशी सबुरीने वागण्याचे कारणही संपले. आपल्याला विचारपूस न करता काढले गेले, त्याचे मूळ मला इथे दिसते. सक्ती तेवढी उरली आणि ओळख गेली, असा हा व्यवहार असेल, तर आपली तक्रार रास्त आहे.

यातून मार्ग काढणारे खेळही आहेत. ‘गिल्ड वॉर्स 2’मध्ये (2012) मोकळ्या मैदानातल्या लढाईत कोणीही न विचारता हात लावू शकतो, प्रत्येकाला आपापले बक्षीस मिळते आणि पडलेल्या अनोळखी खेळाडूला उठवले तरी अनुभवाचे गुण मिळतात. ‘फायनल फँटसी 14’ने 2022 पासून मुख्य कथेतली जुनी डंजनसुद्धा संगणकाने चालवलेल्या साथीदारांसह खेळू देण्यास सुरुवात केली, आठ जणांच्या काही लढायांना मात्र तिथेही खरी माणसे लागतात.

तूर्त आपण हीलरऐवजी डीपीएस, म्हणजे शत्रूवर मारा करणारे पात्र, घेऊन जावे. पाच जणांत असे तिघे असल्याने एक गळाला तरी पार्टी बहुधा तग धरते. रांगेत थांबावे लागेल, हा तोटा आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा. आणि टोमणे मारणाऱ्या त्याच मित्रांकडून रविवारचा एक तास मागून घ्यावा.

प्रश्न : मी धंतोलीतून एक गिल्ड चालवते. एकट्याने खेळणाऱ्यांनाही तीच शस्त्रे मिळू लागली, तर रेडला कोण येणार?

उत्तर : सगळीच शस्त्रे सारखी असावीत, असे माझे म्हणणे नाही. कथा एकट्याला पूर्ण करता यावी. सर्वांत अवघड लढाया आणि त्यांची लूट गटाकडे राहिली, तर त्यात अन्याय नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने 2024 मध्ये एक ते पाच जणांसाठी ‘डेल्व्ह’ नावाच्या छोट्या मोहिमा आणल्या. त्यांत चांगली शस्त्रे मिळतात, पण सर्वांत वरच्या दर्जाची रेड आणि अवघड डंजन यांच्याकडेच ठेवली आहेत. तरीही आपल्याकडचे कोणी रेडला येईनासे झाले, तर शस्त्रांचा हिशेब करण्याआधी रेडची वेळ पाहावी. रात्री साडेनऊला सलग तीन तास बसणे, ज्याला सकाळी लवकर कामावर जायचे असते त्याला जमत नाही.