लर्निंग निघालंय, क्लासही संपला. टेस्ट द्यावी की अजून सराव करावा?

कारचं लर्निंग लायसन्स काढून दीड महिना झाला, ड्रायव्हिंग क्लासचे पंधरा दिवस संपले, आता टेस्ट द्यायची की थांबायचं, असं विचारलंय तुम्ही. टेस्टआधी थांबावे लागणारे 30 दिवस तर तुमचे उलटलेच आहेत आणि लर्निंग 6 महिने चालतं, तेव्हा घाई काहीच नाही. खरं तर इथेच उत्तर संपायला हवं होतं. पण ‘सराव किती लागतो’ हे वाचलं आणि आमच्या घरात 2011 पासून चालू असलेलं भांडण आठवलं.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. 31 वर्षं नोकरी, त्यातली निम्मी कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट तोंडपाठ. अशा माणसाच्या मुलाने क्लास लावायचा म्हणजे हलवायाच्या पोराने शेजारच्या दुकानातून पेढे आणण्यातला प्रकार. त्यामुळे जुनी मारुती 800 घेतली आणि अण्णांनी शिकवायला सुरुवात केली. गाळप बंद होतं, कारखान्याचं उसाच्या गाड्या लावायचं मैदान मोकळं. तीन महिने रोज पहाटे साडेपाचला. एकही खाडा नाही.

पुढे जाणं लवकर जमलं. मागे घ्यायची वेळ आली की अण्णा गाडीतून उतरत, मागे जात आणि डिक्कीवर थाप मारत. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. स्टँडवर बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर हात मारतो, तोच हिशेब. त्यांचा जन्म त्यात गेला, चूक काढणार कोण? महिनाभरात मी डोळे मिटूनही गाडी दोन झाडांच्या मधे मागे लावू शकलो असतो. डोळे मिटून, हे लक्षात घ्या.

टेस्टच्या दिवशी चुन्याने आखलेला एच, म्हणजे इंग्रजी H अक्षरासारखा ट्रॅक, कोपऱ्यांवर बांबू. पुढे झकास गेलो. रिव्हर्स टाकला, क्लच अर्धा सोडला आणि पुन्हा दाबून तसाच बसलो. का बसलोय तेच कळेना. इन्स्पेक्टर म्हणाले, "काय हो, बंद पडली का?" तेव्हा उजेड पडला, मी थापेची वाट बघत होतो! मग अंदाजाने घेतली आणि डावीकडचा बांबू आडवा केला. तो बांबू आरशात चांगला दिसत होता. पण आरशात बघायचं असतं हे अंगात भिनलेलंच नव्हतं.

कुंपणाबाहेर अण्णा चार लोकांना सांगत होते, "तीन महिने घासून घेतलंय त्याच्याकडून, घाबरला." आजही त्यांचं म्हणणं तेच. माझं म्हणणं, पुढे जायचा सराव 90 दिवसांचा झाला, मागे घेण्याचा शून्य. मागे गाडी अण्णा घेत होते, मी फक्त पेडल दाबत होतो.

7 दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. त्या आठवड्यात धाकट्या काकांना शेजारी बसवलं. ते तंबाखू मळत खिडकीबाहेर बघत बसायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांच्याइतका चांगला शिक्षक मला भेटला नाही. दुसऱ्या वेळी पास.

आता तुमचं. नियमात कारच्या क्लासला किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं 10 तास लिहिलंय. तुमचे पंधरा दिवस रोज अर्धा तास धरले तर साडेसात तास झाले, आणि मागच्या सीटवर आणखी दोघं असतील तर त्याहून कमी. त्यातही क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशी वेगळा क्लच-ब्रेक असतो. गाडी बंद पडली नाही ती तुमच्यामुळे की त्यांच्यामुळे, हे आधी तपासा. सरांना सरळ सांगा, आज पाय वर घ्या आणि तोंडही बंद ठेवा. कोणी न बोलता एचमध्ये मागे येता आलं आणि चढावर थांबून गाडी मागे न घरंगळता उचलता आली, सलग तीन-चार दिवस, तर द्या टेस्ट. तासांचा आकडा मागू नका. माझी आतेबहीण इंग्लंडला असते, तिकडे सरासरी 45 तास क्लास आणि वर 22 तास घरचा सराव सांगतात. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "रस्त्याची बाजू तर आपलीच ना त्यांची, डावी? मग एवढं काय शिकवतात?"

एक राहिलं. लर्निंगवर असताना पक्कं लायसन्सवाला शेजारीच बसलेला हवा, डिक्कीमागे नव्हे. आम्ही मैदानात होतो म्हणून निभावलं, रस्त्यावर हे करू नका. आणि काही ठिकाणी आता कॅमेरे-सेन्सरवाले ट्रॅक झालेत, तिथला अनुभव मला नाही. घरच्या माणसाकडून शिकूच नये असंही नाही, फक्त तो एसटीतला नसावा.

सध्या पुतणीचं लर्निंग चालू आहे. परवा अण्णा सवयीने गाडीमागे जाऊन उभे राहिले. मी हाताला धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला आणि मागे बसलो. पोरीने रिव्हर्स टाकला, आरशात बघितलं. अण्णांनी डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या.