बँकेचं डिमॅट सोडून स्वस्त ब्रोकरकडे जावं का, आणि अडचणीच्या वेळी दाद कोण घेतं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: बँकेकडचं जुनं थ्री-इन-वन खातं (बचत, ट्रेडिंग आणि शेअर ठेवायचं डिमॅट, तिन्ही एकत्र) आहे, वर्षातून आठ-दहा वेळा शेअर घेता, क्वचित विकता, दोन एसआयपी चालू आहेत. ब्रोकरेज फार जातं म्हणून झेरोधा, ग्रो किंवा एंजल वन अशा स्वस्त, म्हणजे डिस्काउंट ब्रोकरकडे जायचा विचार आहे, पण तिथे फोन कोणी उचलेल का ही धास्ती आहे. माझ्या घरातल्या तीन पिढ्यांची खाती मी सांभाळतो, त्यात दोन्ही प्रकारचे ब्रोकर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

खातं हलवा, असंच मी सांगेन. फक्त तुमचा मोठा खर्च ब्रोकरेजमध्ये नसून दुसरीकडे आहे. तिकडे येतोच, आधी ब्रोकरेज बघू.

समजा तुम्ही ५०,००० रुपयांचे शेअर घेतले आणि पुढे त्याच भावाला विकले. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहारानंतर ब्रोकर पाठवतो ते बिल, उघडा. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) दोन्ही वेळा ०.१ टक्का, म्हणजे ५० आणि ५०. खरेदीवर मुद्रांक शुल्क साडेसात रुपये. एक्स्चेंजचं शुल्क दीड-दीड रुपया, त्यावर थोडा जीएसटी. विकताना डीपी चार्ज, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क. झेरोधाकडे तो जीएसटीसह १५.३४ रुपये आहे आणि त्यातले साडेतीन सीडीएसएलचे, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीचे. सगळं मिळून साधारण १२६ रुपये, आणि हे ब्रोकरेज शून्य धरून. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवायला घेतले तर, झेरोधा ब्रोकरेज घेत नाही. ग्रो आणि एंजल वन ऑर्डरमागे जास्तीत जास्त २० घेतात, म्हणजे दोन ऑर्डरचे जीएसटीसह ४७ रुपये वाढले. बँकेच्या साध्या प्लॅनमध्ये दर अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. तिथे तेवढ्याच व्यवहाराला ५९० रुपये वाढतात. म्हणजे खरी दरी बँक आणि डिस्काउंट ब्रोकर यांच्यात आहे. झेरोधा की ग्रो यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण तुमच्यासारख्या गुंतवणूकदाराला त्यातून वर्षाकाठी काहीशे रुपयांचाच फरक पडेल. दर बदलत असतात, म्हणून खातं उघडाल त्या दिवशी त्यांच्या साइटवरचं शुल्काचं पान नक्की वाचा.

डीपी चार्जबद्दल एक लक्षात ठेवा. एका दिवसात एका कंपनीचे कितीही शेअर विकले तरी तो एकदाच लागतो. दीड हजाराचा एखादा शेअर विकला तर १५ रुपये म्हणजे एक टक्का गेला. थोडेथोडे विकायची सवय असेल तर शून्य ब्रोकरेजवाला ब्रोकरही महागच पडतो.

वार्षिक देखभाल शुल्काचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार बेसिक सर्व्हिसेस डिमॅट खात्यात, म्हणजे बीएसडीएमध्ये, ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला हे शुल्क शून्य आणि ४ ते १० लाखांना वर्षाला १०० रुपये आहे. अट अशी की पहिलं नाव तुमचं असलेलं डिमॅट खातं देशभरात एकच हवं. नवीन खातं उघडून जुनं तसंच पडू दिलंत तर ही सवलत जाते. म्हणून जुनं खातं बंद करणं हाही खर्च वाचवण्याचाच भाग समजा.

आता तो मोठा खर्च. तुमच्या एसआयपी बँकेमार्फत सुरू झाल्या असतील तर त्या बहुतेक रेग्युलर प्लॅनमध्ये असणार, म्हणजे त्यात विकणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं; डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसतं. स्टेटमेंटवर योजनेच्या नावात ‘डायरेक्ट’ हा शब्द दिसतो का बघा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावाच लागतो, आणि इक्विटी योजनांत दोहोंच्या खर्चातला फरक अर्ध्या ते एक टक्क्याच्या घरात असतो. दरमहा १०,००० रुपये, वीस वर्षं: १२ टक्क्यांनी सुमारे ९९.९ लाख होतात, ११ टक्क्यांनी ८७.४ लाख. साडेबारा लाखांचा फरक! परताव्याचे आकडे मी गृहीत धरलेत, पण एका टक्क्याचं वजन कळायला पुरेसे आहेत. नवीन हप्ते लगेच डायरेक्टमध्ये वळवा. जुनी युनिट्स मात्र घाईने हलवू नका. डायरेक्टमध्ये नेणं म्हणजे कायद्याने विक्रीच. एक्झिट लोड (ठरावीक मुदतीआधी युनिट्स काढली तर कापली जाणारी रक्कम) आणि कर दोन्ही बघावे लागतात. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, तेवढ्या मर्यादेत राहून दोन-तीन वर्षांत सावकाश काढा.

आता सेवा. ॲप झटपट उघडतं किंवा चॅटवर लगेच उत्तर येतं यावरून सेवा कळत नाही. ती कळते नाव बदलताना, मोबाइल नंबर बदलताना, आणि सगळ्यात जास्त खातेदार गेल्यावर. माझ्या सासऱ्यांची दोन खाती होती. एक बँकेकडे, त्याला नॉमिनी सासूबाई. शाखेतल्या ताईंनी फॉर्म स्वतः तपासला, मृत्यू दाखल्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली, आणि शेअर सासूबाईंच्या खात्यात आले. दुसरं एका ॲपवाल्या ब्रोकरकडे, नॉमिनी नाही. तिथे दर ईमेलला नवा तिकीट नंबर, दर वेळी वेगळा माणूस आणि वेगळी कागदपत्रांची यादी. शेवटी काम झालं, पण सत्तरीतल्या बाईला ते एकटीने कधीच झेपलं नसतं. यात निम्मा दोष नॉमिनी नसण्याचा होता, हेही खरं. तेव्हा कुठलाही ब्रोकर निवडा, नॉमिनीचं नाव पहिल्याच दिवशी भरा.

यामुळेच माझं एक मत अनेकांना पटत नाही: घरातल्या वडीलधाऱ्यांचं बँकेतलं खातं उगाच हलवू नका. वर्षातून एखादा व्यवहार करणाऱ्याला अर्ध्या टक्क्यापेक्षा समोर बसून ऐकणारा माणूस जास्त मोलाचा आहे. तुम्ही मात्र ऑनलाइन कामं करता, तुम्हाला ती किंमत मोजायचं कारण नाही.

खातं उघडण्याआधी सेवा पारखायची असेल तर ब्रोकरच्या साइटवर इन्व्हेस्टर चार्टर शोधा. दर महिन्याला किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती तुंबल्या याचा तक्ता प्रत्येक ब्रोकरला द्यावाच लागतो. आकडे ग्राहकसंख्येच्या मानाने वाचा, मोठ्या ब्रोकरकडे तक्रारी जास्तच असणार. शिवाय सपोर्टला एक अवघड प्रश्न पाठवून बघा: ‘नॉमिनी नसेल तर ट्रान्समिशनला (खातेदार गेल्यावर शेअर वारसाच्या नावे करायला) काय लागतं?’ छापील लिंक आली की माणसाने लिहिलेलं उत्तर, त्यावरून बरंच कळतं. पुढे कधी वाजलंच तर आधी ब्रोकरच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर जा. तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर स्मार्ट ओडीआर, म्हणजे तंटा ऑनलाइन सोडवण्याची व्यवस्था, आहे.

शाखा आहे म्हणजे पैसा सुरक्षित, असंही मानू नका. हैदराबादची कार्वी देशभर शाखा असलेली जुनी कंपनी होती, तरी २०१९ मध्ये तिने पॉवर ऑफ ॲटर्नीचा (ग्राहकांनी दिलेल्या अधिकारपत्राचा) गैरवापर करून ग्राहकांचे शेअर तारण ठेवल्याचं उघड झालं. ब्रोकर कोणीही असो, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या दुसऱ्या डिपॉझिटरीकडून दरमहा ईमेलने येणारं एकत्रित स्टेटमेंट उघडून शेअरची संख्या जुळवत जा.

जुनं खातं बंद करताना ‘क्लोजर-कम-ट्रान्सफर’चा (खातं बंद करून शेअर नवीन खात्यात हलवायचा) अर्ज द्या, सोबत नवीन ब्रोकरकडून काढलेला क्लायंट मास्टर रिपोर्ट, म्हणजे नवीन खात्याचा तपशील असलेला कागद, जोडा. दोन्हीकडे नाव आणि पॅन तंतोतंत जुळले तर शेअर हलवायला शुल्क लागत नाही. खातं जॉइंट असेल तर नवीन खातंही त्याच नावांचं, त्याच क्रमाने हवं. ते ऑनलाइन उघडता येतं का हे आधीच विचारा. आणि लॉगिन बंद होण्यापूर्वी सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स उतरवून ठेवा. शेअर नवीन खात्यात जातात, पण त्यांचा खरेदी भाव सोबत जात नाही. तो तुम्हाला हाताने भरावा लागतो, आणि पुढे विकाल तेव्हा कर त्यावरूनच ठरतो.