पणजोबा महायुद्धात जमादार झाले, त्याचा कागद कुठे शोधायचा?

लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, नाव सापडलं नाही म्हणून पणजोबा जमादार नव्हतेच, असं तुमचे काका म्हणतायत ते अजिबात धरून चालू नका. तिथे ते नाव असायचं कारणच नाही. तुम्ही लिहिलंय की ते साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतून इटलीला गेले आणि १९४४ च्या सुमारास जमादार झाले. जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर ही व्हाइसरॉयच्या कमिशनची पदं, त्यांच्या नेमणुका लंडनला छापून येत नव्हत्या, आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून किंवा युद्धकाळात इमर्जन्सी कमिशन घेऊन जे भारतीय अधिकारी झाले त्यांच्यासाठी गॅझेट ऑफ इंडिया बघायचं असतं. जमादाराचं नाव लंडन गॅझेटमध्ये आलंच तर शौर्यपदक मिळाल्यामुळे येतं, बढतीमुळे नाही. आणि सैन्याच्या हल्लीच्या पदांच्या यादीत जमादार हे पद दिसणार नाही, १९६५ पासून त्याला नायब सुभेदार म्हणतात.

आता सगळ्यात आधी त्यांचा आर्मी नंबर शोधा, कारण नुसत्या नावावर काही मिळत नाही, एका पलटणीत त्याच नावाचे कितीतरी शिंदे आणि जाधव असायचे. घरात मेडल्स आहेत ना? ती उभी धरून कडेवर बघा, भिंगातून. भारतीय सैनिकांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या गोल मेडल्सवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. माझ्या चुलत आजोबांचा नंबर असाच मिळाला, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेडल होतं पण कडेकडे कुणी बघितलंच नव्हतं. कृपा करून ती पॉलिश पावडरने घासू नका, अक्षरं झिजतात. नंबरासोबत आय.ओ. अशी अक्षरं दिसली तर ती इंडियन ऑफिसरची, म्हणजे जमादार किंवा त्यावरचं पद होतं याचा चांगला पुरावा. शिपाई म्हणून भरती झाल्यावरचा नंबर वेगळा असतो, तोही मिळाला तर लिहून ठेवा. फोटोत खांद्यावर एकच स्टार असेल तर जमादार असू शकतात, पण सेकंड लेफ्टनंटलाही एकच स्टार असतो, म्हणून फोटो एकटा पुरत नाही.

मग बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र पाठवा. नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं अंदाजे साल, तुमचं नातं आणि नात्याचा पुरावा. सर्व्हिसचे जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून "सगळी फाइल द्या" असं न लिहिता शीट रोल (एका सैनिकाच्या नोकरीचा नोंदपत्रक) किंवा लाँग रोलमधली (सगळ्यांच्या नावांची मोठी नोंदवही) नोंद स्पष्ट शब्दांत मागा, त्यात भरती, बढती आणि डिस्चार्ज यांच्या तारखा मागा. उत्तर नाही आलं तर १० रुपये फी भरून माहिती अधिकारात अर्ज करा. पण साताऱ्याचे म्हणजे मराठा पलटणीतलेच असं डोळे झाकून धरू नका हं, आपल्याकडची कितीतरी माणसं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात होती, त्यांचं खडकीला विचारायचं, आणि महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावातच उभी राहिली पण तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळा हुद्दा दिसला तर घाबरू नका. युद्धात ॲक्टिंग, टेम्पररी, वॉर सबस्टँटिव्ह (हंगामी, तात्पुरता, युद्धापुरता पक्का) असे हुद्द्याचे प्रकार होते, त्यामुळे एकाच माणसाचा हुद्दा एकीकडे हवालदार आणि दुसरीकडे जमादार दिसू शकतो आणि दोन्ही बरोबर असतात, तारीख बघायची. घरात कुणी त्यांना "कॅप्टन साहेब" म्हणत असेल तर तेही खोटं नसेल, पुढे सुभेदार होऊन निवृत्त होताना मानद लेफ्टनंट किंवा कॅप्टन केलं जायचं.

इटलीत मराठ्यांच्या पहिली, तिसरी आणि पाचवी अशा बटालियन होत्या. तिथल्या वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या, लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यू.ओ. १७० या मालिकेत आहेत, त्यात कधीकधी जोडपत्रात नावंही सापडतात. शोधताना मराठा हा शब्द जुन्या पद्धतीने, एच मधे घालून आणि दोन टी लावून टाइप करा, नाहीतर हवं ते सापडणं कठीण. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे ऑनलाइन पोर्टलही फुकट बघता येतं. पैसे घेणाऱ्या साइट्स सगळ्यात शेवटी.

आणि कागद मिळालाच, नाहीतर घरात घडी घातलेली सनद निघाली, तर लॅमिनेशन करू नका, सपाट ठेवून फोटो काढा. मेडलच्या कडेवर काय आहे ते इथे लिहा, बटालियन कळली की डायरीचा संदर्भ मी शोधून देतो.