जुन्या विंडोज एक्सपीत 500 जीबीची डिस्क 127 जीबीच दिसते. डिस्क खराब निघाली का?

नाही. डिस्क चांगली आहे, बदलून आणायला शहरात चकरा मारू नका. तुमची एक्सपी सर्व्हिस पॅक 1 (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) च्या आधीची आहे. तिला सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या एकेका छोट्या खणाचा, पत्ता 28 बिटांतच लिहिता येतो, म्हणजे 26,84,35,456 सेक्टर, एकेक 512 बाइटचा. डिस्कवाले त्याला 137 जीबी म्हणतात, विंडोज 1024 च्या हिशेबानं 127.99 दाखवते.

तुम्हाला कमी दिसतंय हे बरंच आहे. मला पूर्ण दिसत होतं, त्यानंच घात केला.

2006 साली मी दारव्ह्यात लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचो. डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की तासाला 13 जीबी जातात, म्हणून 160 ची डिस्क घेतली होती. सी आणि डी असे दोन भाग. ऐन सीझनमध्ये व्हायरस शिरला. मेकॅनिकनं त्याच्याजवळच्या जुन्या सीडीनं सी फॉरमॅट करून एक्सपी टाकली, डी तसाच ठेवला. डी होता 137 च्या पलीकडपर्यंत. माझं काम सुरू झालं, डी भरत गेला. एका रात्री शेजारच्या गावच्या लग्नाची पाठवणी उतरवली, सकाळी तीच कॅसेट घेऊन दुसऱ्या लग्नाला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर मशीन चालूच होईना. सीमेपुढचा पत्ता 28 बिटांत मावत नाही, वरचा बिट गळतो आणि लिहिलेलं थेट डिस्कच्या सुरुवातीवर जाऊन पडतं. डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत याची नोंद, म्हणजे पार्टिशन टेबल, तिथंच असतं.

कॅसेटवर दुसरं लग्न चढलेलं, पाठवणी गेली ती गेली. मुलीच्या वडिलांना पैसे परत दिले, पण त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

दादा तेव्हापासून एकच म्हणतो, "लाईन झटके मारत होती, यूपीएस घे म्हटलं तर ऐकलं नाहीस." भारनियमनाचे दिवस होते, साऱ्या घराला ते पटलं. मेकॅनिकही म्हणाला डिस्कच खराब. मग मी तीच डिस्क दुसऱ्या मशीनवर पूर्ण तपासली. एकही बॅड सेक्टर नाही. सर्व्हिस पॅक 2 टाकून तिच्यावर पुढची चार वर्षं लग्नं मिक्स केली. झटक्यानं मेलेली डिस्क चार वर्षं चालते का?

तुम्ही सर्व्हिस पॅक टाका, 1 किंवा त्याच्या पुढचा कोणताही, म्हणजे एक्सपीला 48 बिटांचे पत्ते कळतील. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये उरलेली जागा मोकळी दिसेल, तिथं नवीन पार्टिशन करा. आणि यापुढे कोणाला जुन्या सीडीनं एक्सपी टाकू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

हो, बायोसलाही (मशीन चालू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) हे 48 बिटांचे पत्ते कळायला हवेत. फार जुना मदरबोर्ड असेल तर आधी तेच बघा. विंडोज 2000 असेल तर सर्व्हिस पॅक 3 टाकूनही भागत नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एनेबलबिगएलबीए ही नोंद 1 करावी लागते. 98 वर मात्र एवढी डिस्क लावूच नका.

यूपीएस मी नंतर घेतला, दादा. पाठवणी त्यानं वाचली नसती.