वाटोळं हा शब्द आधी खोड

नेरूळ, रविवार

चि. पोरीस आशीर्वाद.

तुझा प्रोजेक्ट दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन हातात घेऊन. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की युरोपियन युनियन सोडून ब्रिटनचं वाटोळं झालं. तो शब्द आधी खोड. वाटोळं झालेल्या देशाशी आपलं सरकार जुलै २०२५ मध्ये व्यापार करार करत नाही, आणि तुझ्याच वर्गातली चार पोरं तिथल्या मास्टर्सचे फॉर्म भरत नाहीत. तिथे झालं ते गळतीसारखं आहे. नळाला पाणी येतं, कुणी हंडे घेऊन धावत नाही, पण टाकी रोज चार बोटं कमीच भरते. हे लिहायला अवघड, म्हणून सगळे वाटोळं लिहून मोकळे होतात.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, तुला माहीतच आहे. आयुष्य सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स एजंटच्या, ऑफिसात शिपिंग बिलं भरण्यात गेलं. तेव्हा सांगतो ते कागदांच्या बाजूने.

सिंगल मार्केट, म्हणजे युनियनच्या देशांत माल विनानाका फिरायची सोय, यावर तू सहा पानं खर्च केलीस. त्यापेक्षा बाबांना मुलुंड चेकनाक्याबद्दल विचार. मुंबईत जकात होती तेव्हा मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर, सगळीकडे ट्रक उभे. आमचा टेम्पो तुर्भ्याहून सकाळी निघाला तरी भांडुपला दुपारी पोचेल की संध्याकाळी, ते नाक्यावरची रांग ठरवायची. जकात भरायला कुणाची ना नव्हती. महाग पडायची ती रांग: ड्रायव्हरचा दिवस, पावत्या घेऊन खिडक्यांपुढे धावणारा एजंट, एखाद्या बिलावर शिक्का नीट उमटला नाही म्हणून परत फिरवलेली गाडी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके उठले.

ब्रिटनने याच्या उलट केलं. उठलेला नाका पुन्हा बसवला, आणि गंमत अशी की जकात शून्य ठेवली. २४ डिसेंबर २०२० ला झालेल्या करारात ब्रिटन आणि युरोपने एकमेकांच्या मालावर ड्युटी लावली नाही, कोटाही लावला नाही. नुसता नाका. डिक्लरेशन, तपासणी, आणि माल कुठे तयार झाला त्याचा पुरावा. ड्युटी नाही म्हणजे परिणाम नाही, असं पान चारवर तू म्हणतेस. ‘एकमेकांचा माल’ हे शब्द परत वाच.

यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे, ते सांगतो. नाशिककडच्या एका निर्यातदाराची द्राक्षं दर हंगामात आमच्याकडून न्हावा शेव्याहून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जायची. २०२० पर्यंत रॉटरडॅमला एकदा कस्टम्स झालं की माल कुठेही फिरायला मोकळा. इंग्लंडात दर बरा दिसला की तिथला आयातदार दहा पॅलेट उचलून फेरीबोटीवर चढवायचा, आम्हाला पत्ताही लागायचा नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत गिऱ्हाईक तेच, रूट तोच. मी गेल्या वर्षीची फाईल काढली, तारखा आणि कंटेनर नंबर बदलले आणि कागद पुढे सरकवले. यातला माल शेवटी कुठे जाणार, हा एक प्रश्न विचारायचा होता, तो विचारला नाही. रॉटरडॅमला युरोपची ड्युटी भरली गेली. मग निम्मा माल सवयीने इंग्लंडला निघाला आणि तिथे पुन्हा ड्युटी लागली. कारण सवलत युरोपात पिकलेल्या मालाला आहे. युरोपात ड्युटी भरली म्हणून निफाडची द्राक्षं युरोपची होत नाहीत. तेवढी पॅलेट ट्रान्झिटमध्ये, म्हणजे तिथली ड्युटी न भरता नुसती पुढे जाणारी, ठेवली असती, किंवा इंग्लंडचा रीफर (थंड कंटेनर) इथूनच वेगळा काढला असता, तर वाचलं असतं.

माल कन्साइनमेंटवर होता. म्हणजे दर आधी ठरत नाही, विक्री होऊन खर्च वजा जाता उरेल ते आपलं. महिन्याभराने हिशेबाचा कागद आला. फ्रेट, कोल्ड स्टोअर, कमिशन यांच्याखाली एक नवी ओळ होती. ती निर्यातदाराने स्वतः सोसली की बागायतदाराच्या पैशातून कापली, हे मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. ब्रिटनमधल्या मतदानावर तू इतकं लिहिलंस, ही ओळ भरणारा माणूस मात्र तुझ्या एकाही पानावर नाही. त्याला जागा दे.

आपल्या ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकलवाल्यांचंही असंच. युरोपात रसायन विकायचं तर ‘रीच’ कायद्याखाली नोंदणी लागते. ती एकदा झाली की ब्रिटनसकट सगळा युरोप खुला असायचा. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचं ‘रीच’ वेगळं. रसायन तेच, फाईल दुसरी. मोठ्या कंपनीला हा एका डिपार्टमेंटचा खर्च आहे. रबाळ्यातला वीस माणसांचा कारखाना सरळ म्हणतो, इंग्लंड नको, जर्मनी पुरे. अशी न मिळालेली गिऱ्हाइकं कुठल्याच आकडेवारीत रडताना दिसत नाहीत.

आकड्यांचं म्हणशील तर एकच जोडी धर. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या ओबीआर या स्वतंत्र संस्थेचा अंदाज असा की युनियनमध्ये राहिले असते त्यापेक्षा त्यांची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. आणि बाहेर पडल्यामुळे जो भारताशी करार करता आला, त्याने त्यांच्या अर्थव्यवस्थेत भर किती? त्यांच्याच सरकारच्या हिशेबाने सुमारे ०.१ टक्का. स्कॉच व्हिस्कीवरची आपली ड्युटी १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, त्याचा आनंद तुझ्या मामाला जास्त.

पान नऊवरचा फोटो मात्र काढून टाक. इंग्लंडच्या केंटमध्ये डिसेंबर २०२० ला अडकलेले ते हजारो ट्रक ‘ब्रेक्झिटची रांग’ नव्हते. कोविडचा नवा प्रकार आला म्हणून फ्रान्सने सीमा बंद केली होती, आणि ब्रिटन त्या महिनाअखेरपर्यंत जुन्या नियमांवरच होतं. कोविड, मग युक्रेनचं युद्ध, गॅसचे भाव. सगळं एकावर एक आलं. कोणी ‘हे इतकं ब्रेक्झिटमुळे’ असं छातीठोक सांगितलं की जरा सावध हो. माझ्याबाबतीतसुद्धा.

आता राजकारण. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी सोडायच्या बाजूने मत दिलं. त्यांना तू तीन ठिकाणी ‘फसलेले’ म्हटलंयस. मला ते पटलं नाही. आपले नियम आपण करावेत, ही इच्छा खुळी नाही. प्रश्न पुढचा आहे: नियम करायचा अधिकार हातात आल्यावर केलं काय? मालावर युरोपचा सीई मार्क (माल नियमांत बसतो याची खूण) नको म्हणून स्वतःचा यूकेसीए मार्क काढला, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये सांगितलं की बहुतेक मालाला सीई मार्कच बेमुदत चालेल. परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणूनही अनेकांनी मत दिलं होतं. युरोपातून येणारी कमी झाली खरी, पण जून २०२३ ला संपलेल्या वर्षात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा फरक नऊ लाखांच्या वर गेला. त्यात आपल्याकडची पोरं आणि नर्सेसही बऱ्याच.

उत्तर आयर्लंडला तू एक परिच्छेद दिलायस, तिथे निदान दोन पानं हवीत. दोन आयर्लंडमधले कस्टम्सचे नाके १९९३ मध्ये सिंगल मार्केटबरोबर उठले, आणि १९९८ च्या शांतता करारानंतर लष्कराचेही. ते परत बसवायची कुणाची हिंमत नव्हती. पण दक्षिणेला युरोप, उत्तरेला ब्रिटन, तर माल तपासायचा कुठे? शेवटी तो नाका समुद्रात गेला, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांमध्ये कागद सुरू झाले. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा युनियन सोडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ ला संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला, त्यामागचं मोठं कारण आयर्लंडच्या नाक्याचा हाच प्रश्न. ब्रिटन आणि युरोपमधला २०२३ चा विंडसर फ्रेमवर्क हा करार म्हणजे समुद्रातल्या त्या नाक्यावरची डागडुजी. नाका कुठे उभा करायचा, हे मतपत्रिकेवर कुणी विचारलं नव्हतं.

आणि सोडलं म्हणून बोलणी संपली नाहीत. मे २०२५ मध्ये पुन्हा एका टेबलावर बसले. युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी चालू राहणार, आणि अन्न-शेतमालाच्या तपासण्या कमी करायचा करार पुढे बोलून ठरवायचा. मासे हा विषय हसण्यावारी नेऊ नकोस. ग्रीनलँड १९८५ मध्ये त्या वेळच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडलं, ते मुख्यतः माशांसाठीच.

सरांनी सांगितलंय म्हणून तू शेवटी भारत आणि आरसेप, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांचा व्यापार करार, जोडलंस. ते वेगळं प्रकरण आहे. आपण ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये ‘येत नाही’ म्हणालो. न चढलेल्या गाडीतून उतरता येत नाही. एक ओळ ठेव, बाकी काप.

सोबत दोन कागदांच्या प्रती पाठवतोय, त्याच निर्यातदाराच्या, नावं झाकून. एक २०२० चा हिशेब, एक २०२१ चा. शेजारी ठेवून वाच. शनिवारी जमलं तर ये, न्हावा शेव्याला उतर, मी स्टेशनबाहेर असेन. उरणची गाडी बघून निघ, एक चुकली की पुढचीची बरीच वाट बघावी लागते. आणि पायात बूट घाल, यार्डात चप्पल चालत नाही.

काका